सरदारचं रक्त

१२ जून

धाकटे,

पत्र बघून दचकू नकोस. कुणाला काही झालेलं नाही. फोन केले, तू उचलत नाहीस, म्हणून लिहिते. भांडण उकरायला लिहीत नाहीये. काम आहे आणि ते आधीच सांगून टाकते: मी पुन्हा कळवेपर्यंत ढोलला कुठल्याही मादीशी जोड लावू नकोस. एखादी ठरली असेल तर पुढे ढकल. काय सबब सांगायची ती सांग, सबबी तुला माझ्यापेक्षा बऱ्या सुचतात.

आता कारण.

ढोलच्या सख्ख्या बहिणीला, आपल्या काजळला, थंडीत पिल्लं झाली. तुला कळलं असेलच, या धंद्यात बातमी कुत्र्यांपेक्षा जोरात धावते. पाच झाली. चार टणक आणि एक बारकं, त्याला मी वाटाणा म्हणायचे. अंगावर पीत होता, वजन वाढत होतं, पण इतरांच्या मागून. दर वेताला एखादं असं असतंच. डॉक्टरीणबाईंनी तपासून हृदय, डोळे, गुडघे ठीक आहेत म्हणून सांगितलं. मग तो चौकातल्या शिंप्याकडे गेला. शिंप्याला मूलबाळ नाही, आणि त्याची अट एकच होती, "ताई, शांत द्या. दुकानात लोकांची कापडं असतात."

गेल्या आठवड्यात त्याचा फोन आला. म्हणाला, "राग मानू नका, पण तुमचं पिल्लू जेवलं की पिऊन आल्यासारखं चालतं."

मी म्हटलं, घेऊन या. तो म्हणाला, "तुम्ही या. तिथे आणेपर्यंत ते चांगलं होतं आणि मी खोटा पडतो."

गेले. दुकान एवढंसं, दोन मशिनं, कापायचं टेबल, आणि टेबलाखाली चिंध्यांच्या गठ्ठ्यावर वाटाण्याचं अंथरूण. त्याला खाली शेपूट हलवताना पाहिलं आणि म्हटलं, उगाच घाबरलीत माणसं. शिंप्याच्या बायकोने त्याला वाटीभर खिमा घातला. त्याने चाटूनपुसून खाल्ला. आम्ही चहा घेतला, इकडचं तिकडचं बोललो. मग तो उठला आणि मशिनच्या पायाभोवती फिरायला लागला. एकाच दिशेने, गोल गोल, घाण्याला जुंपल्यासारखा. तोंडातून लाळ. मग भिंतीशी गेला, कपाळ भिंतीला टेकवलं आणि तसाच उभा राहिला. मी हाक मारली, कान हललासुद्धा नाही.

शिंप्याची बायको मला काय म्हणाली माहीत आहे? "आम्ही त्याला कधी ओरडलो नाही हो."

तिथूनच त्याला दवाखान्यात नेला. उपाशीपोटी रक्त, जेवल्यावर पुन्हा रक्त. मग मोठ्या इस्पितळात सोनोग्राफी. निकाल वाईट आहे. पोटातलं रक्त यकृतातून गाळून पुढे जायला हवं. याच्यात जन्मापासून एक जादाची शीर आहे, ती यकृताला बगल देऊन रक्त थेट पुढे नेते. गाळणी शाबूत, पण पाणी गाळणीत पडतच नाही. त्यामुळे जेवणातलं विष डोक्यात चढतं. यकृतही वाढत नाही, पिल्लूही वाढत नाही.

मी विचारलं, "आईबापाकडून आलंय?"

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एका पिल्लावरून सांगता येत नाही. कधी निव्वळ अपघात असतो. बाकीची चार बोलावून घ्या."

बोलावते आहे. तोवर ढोलला थांबव, एवढंच मागणं आहे.

ताई


३ जुलै

धाकटे,

तुझं उत्तर नाही. पत्र परतही आलं नाही, म्हणजे पोचलं.

चौघांना बोलावणं सोपं गेलं नाही. "तुमच्या पिल्लात कदाचित दोष असेल, रक्त काढायला या" असं कुणालाही सांगून बघ. एक बँकेतले साहेब आहेत. ते म्हणाले, "आमचं एकदम फिट आहे, तुम्ही कशाला खाजवून खरूज काढता?" त्यांना मी तीनदा फोन केला. तिसऱ्या वेळी त्यांच्या सासूबाईंनी उचलला आणि दुसऱ्या दिवशी स्वतः रिक्षातून पिल्लू घेऊन आल्या. म्हणाल्या, "जावई माणूस, त्याला कशाला विचारता?" त्यांचं पिल्लू निर्दोष निघालं. आणखी दोन निर्दोष.

चौथी मिरची. ती एका नर्सबाईंकडे आहे. मिरची वेतातली सगळ्यात दांडगी, भावंडांना ढकलून आधी पिणारी. मला वाटलं होतं हिचं रक्त काढणं म्हणजे नुसता सोपस्कार. नर्सबाई स्वतःच तिला धरून बसल्या, सुई कशी टोचायची ते डॉक्टरीणबाईंना सांगत होत्या. जेवल्यानंतरचा आकडा आला तेव्हा मात्र त्यांनी मिरचीला उचलून मांडीवर घेतलं. त्यांना आकडे वाचता येतात. वाटाण्याइतका नाही, पण जिथे असायला हवा त्याच्या खूप वर.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "आता योगायोग म्हणायला माझी जीभ रेटत नाही."

एका वेतात दोन. मी विचारलं, काजळचं रक्त तपासून कळेल का? त्या म्हणाल्या, तपासा, पण ते चांगलंच येईल. आलंही चांगलं. आईबाप स्वतः ठणठणीत असतात आणि दोघं मिळून हा दोष पिल्लाला देतात. कोण देतो आणि कोण नाही हे सांगणारी तपासणी आपल्या जातीसाठी अजून तरी नाही. पिल्लं जन्मल्यावरच कळतं.

बाप म्हणजे स्टेशनमास्तरांचा शेरू. तुला आठवत असेल, ते निवृत्त झाले तेव्हा बाबांनीच त्यांना हा नाद लावला. मी शेरू निवडला तो मुद्दाम, बाहेरचं रक्त म्हणून. आता कागद काढून मागे मागे गेले. काजळचा आजा सरदार. शेरूचा पणजा सरदार. मला वाटलं होतं एवढं अंतर पुष्कळ झालं.

बाबांचा सरदार. ज्याच्यासाठी लोक लांबून यायचे, ज्याचा फोटो अजून बाहेरच्या खोलीत आहे आणि बाबांचा त्याच्या शेजारी, जरा खाली.

स्टेशनमास्तरांना सांगायला गेले. ऐकून घेतलं, शेरूच्या पाठीवरून हात फिरवत बसले आणि म्हणाले, "सिग्नल लाल पडला की पडला. खरा की खोटा ते गाडी थांबवून बघायचं." शेरू बंद.

काजळही बंद. पुढच्या आठवड्यात तिचं नसबंदीचं ऑपरेशन. तिच्या मागच्या वेतातल्या सगळ्यांना फोन करून झाले.

आणि ढोल काजळचा सख्खा भाऊ. तुझ्या जाहिरातीत "सरदारच्या घराण्यातला" असं असतं, ते मी वाचलंय. सगळ्या गावाला त्याची पिल्लं दिलीस. मी तुला काय करायचं ते सांगत नाही. मागच्या वेळी सांगितलं होतं, काजळची लागोपाठ दोन वेतं घ्यायची नाहीत म्हणून, तर "तुझ्या नियमांवर पोट भरत नाही" म्हणालीस आणि ढोलला गाडीत घालून गेलीस. या वेळी फक्त काय झालं ते सांगते आहे.

मी बरी आहे.

ताई


२९ जुलै

धाकटे,

तुझा मेसेज मिळाला. तीन वर्षांनी आला आणि त्यात दोनच वाक्यं. "ढोलचं रक्त तपासलं, नॉर्मल आहे. बाबांच्या सरदारला नाव ठेवून तुला काय मिळणार आहे?"

पहिल्या वाक्याचं उत्तर मागच्या पत्रात आहे, पुन्हा वाच. काजळचंही नॉर्मल होतं.

दुसऱ्याचं उत्तर मला चटकन देता आलं नाही, म्हणून आधी वाटाण्याचं सांगते.

त्याचं ऑपरेशन झालं. त्या जादाच्या शिरेभोवती एक कडं बसवतात. ते हळूहळू फुगतं आणि शीर आपोआप बंद होते. एकदम बांधली तर सगळा दाब यकृतावर येतो, ते सोसत नाही. शिंपी आणि त्याची बायको दुकान बंद करून आले होते. दारावर पाटी लावली होती म्हणे, "घरात आजारपण." ऑपरेशन चांगलं झालं. वाटाण्याने डोळे उघडले, शिंप्याचं बोट चाटलं. आम्ही तिघांनी इस्पितळाच्या कँटीनमध्ये अगदी लग्नाला आल्यासारखं खाल्लं.

तिसऱ्या दिवशी त्याला झटके यायला लागले. डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं की काहींना येतात, का येतात ते नीट कळलेलं नाही. औषधं दिली. थांबले, पुन्हा आले. दुपारी गेला.

मी शिंप्याला म्हटलं, पुढे कधी चांगलं पिल्लू झालं तर पहिलं तुमचं. तो म्हणाला, "नको ताई. मी त्याला वाटाण्या म्हणून हाक मारीन आणि ते बिचारं दुसऱ्याच्या नावावर जगेल."

 शिंप्याच्या बायकोने वाटाण्यासाठी उरलेल्या कापडाचं एक जाकीट शिवलं होतं, चार वेगवेगळ्या रंगांचं, पोटावरचे टाके झाकतील असं. ते तिने त्याला घातलं आणि मगच त्याला माझ्या हातात दिला.

मिरची बरी आहे. मांस कमी, पातळ औषध दिवसातून तीनदा, नर्सबाई घड्याळ लावून देतात. तिची शीर बारीक आहे. ऑपरेशन सध्या नको, असं ठरलंय.

काजळचं ऑपरेशनही झालं. टाके निघाले. ती नेहमीसारखी आहे, उलट माझ्यामागे मागे फिरते. आवारातल्या पिल्लांच्या खोलीला कुलूप लावलं. मग काढलं, कारण कुलूप लावलं की ती दाराशी बसून राहायची. दूध दोनदा उतू गेलं, बाकी घरात विशेष काही नाही.

आता तुझ्या दुसऱ्या वाक्याचं. मी सरदारला नाव ठेवत नाही. त्याच्यासारखा कुत्रा मी पुन्हा पाहिला नाही. रस्त्यात रडणारं मूल दिसलं तरी त्याच्याजवळ जाऊन बसायचा. तो गुण काजळमध्ये उतरलाय, ढोलमध्येही असणार. पण ज्या दोरीतून तो गुण आला त्याच दोरीला हेही बांधलेलं असेल तर मी ती दोरी नुसती आवडते म्हणून ओढत राहू का? मला यातून काय मिळणार असं विचारतेस. काही नाही. माझ्याकडे आता पिल्लं देणारी एकही मादी उरली नाही. बाबांनी सुरू केलेलं माझ्या हातून संपलं, हे रोज सकाळी उठल्यावर पहिल्यांदा आठवतं. तेव्हा हे मी तुझ्यावर कुरघोडी करायला केलंय असं वाटत असेल तर वाटू दे.

ताई


२१ ऑगस्ट

धाकटे,

आज एका माणसाचा फोन आला. शाळेची बस चालवतो. म्हणाला, "तुमच्या बहिणीकडून पिल्लू घेतलंय, ढोलचं. ते खात नाही, पोट फुगलंय, वाढत नाही. बाईंना फोन केला तर त्यांनी तुमचा नंबर दिला."

मी विचारलं, "त्या काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, माझ्या ताईला विचारा. ती तोंडावर सांगते."

धाकटे, हे तू कौतुकाने म्हणालीस की रागाने, ते त्याच्या आवाजावरून कळलं नाही. पण नंबर दिलास.

तुझ्या गावात ती जेवणाआधीची आणि नंतरची तपासणी होत नाही म्हणून तो बसची सुट्टी टाकून पिल्लू घेऊन इथवर आला. मांडीवर टोपली, टोपलीत ते. बुटकं, केसाळ, कपाळावर सरदारचा पांढरा ठिपका. पाहिल्याबरोबर माझ्या मनात काय आलं ते लिहिते, कारण लिहिलं नाही तर पुढचं लिहिण्यात अर्थ नाही. मनात आलं की हे आजारी निघालं तर तुला पटेल. आणि मग मी त्याला उचलून घेतलं आणि त्याने माझ्या बाहीचं बटण चघळायला सुरुवात केली, आणि मला माझीच शरम वाटली.

रक्त काढलं. उपाशीपोटी, मग जेवल्यावर. बसवाला बाकावर टोपी कुरवाळत बसला होता.

दोन्ही आकडे चांगले आहेत. यकृत उत्तम. पिल्लाला जंत आहेत. पोटभर जंत, बाकी काही नाही. तुझं जंताचं औषध एकतर जुनं आहे किंवा कमी पडतंय, ते बघ. डॉक्टरीणबाईंनी दुसरं दिलं. बसवाला जाताना पायरीवर हसत होता, मला म्हणाला, "जंत हो! नुसते जंत!" जणू लॉटरी लागली.

तेव्हा तुझ्या बाजूचं एक आहे ते मी तुला सांगून टाकते. ढोलचं एक पिल्लू तपासलं आणि ते निरोगी निघालं. ढोल हे देत असेल किंवा नसेलही. काजळच्याही पाचातली तीन निरोगी आहेत. यावरून काय ठरवायचं ते तूच ठरव. मी आता पुन्हा लिहून तुझ्या मागे लागणार नाही.

ताई


१४ सप्टेंबर

धाकटे,

तू समोर होतीस तेव्हा हे बोलता आलं नाही. आपल्या घरात असंच आहे, समोर आलो की कुत्र्यांबद्दल बोलतो.

तुझी गाडी फाटकाशी थांबली तेव्हा मी अंगणात काजळचे केस विंचरत होते. मला वाटलं कुणी गिऱ्हाईक आहे, म्हटलं पिल्लं नाहीत म्हणून सांगावं लागणार. मग ढोल उतरला. काजळने त्याला ओळखलं की नाही देव जाणे, पण तिने कंगव्यासकट मला पाडलं. तू उतरलीस आणि म्हणालीस, "तुझ्या डॉक्टरीणबाई आज आहेत का?" तीन वर्षांनी समोरासमोर पहिलं वाक्य.

मी म्हटलं, "एक पिल्लू चांगलं निघालंय तुझं. घाई करू नकोस."

तू म्हणालीस, "एक चांगलं निघालं म्हणून सुटले का मी? बाकीच्यांच्या दारात जाऊन कोण बघणार?"

नसबंदीनंतर ढोल भूल उतरेपर्यंत जाळीपलीकडे पडून होता आणि आपण बाकावर बसलो होतो. तू एकदम म्हणालीस, "ताई, बाबा त्या पिल्लांना आळशी म्हणायचे, आठवतं?"

मला आठवत होतं. डॉक्टरीणबाई जादाच्या शिरेबद्दल बोलत होत्या त्याच दिवशी आठवलं होतं. पण ते मी पत्रात लिहिलं नाही. सरदारच्या एखाद्या वेतात एक पिल्लू असायचं, जेवलं की कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून उभं राहणारं. बाबा हसायचे, "हा बघा आळशी, रुसून बसलाय." मग ते जायचं. बाबा त्याला कुंपणाशी पुरायचे, दिवसभर कुणाशी बोलायचे नाहीत, आणि संध्याकाळी म्हणायचे, "एखादं जातंच." तू लहान होतीस, तू त्या पिल्लांपाशी पाटी घेऊन बसायचीस, त्यांना बे एके बे शिकवायचीस. म्हणून तुला माझ्यापेक्षा जास्त आठवतं.

तू विचारलंस, "बाबांना माहीत होतं का?"

मी म्हटलं, "कुठून माहीत असणार? तेव्हा रक्त तपासायची सोय नव्हती." तुला ते पटलं आणि तू रडलीस. मला ते पटलेलं नव्हतं, म्हणून मी रडले नाही, चहा आणायला गेले. आता विचार करते तेव्हा वाटतं, त्यांना रोग माहीत नव्हता पण काहीतरी माहीत होतं. नाहीतर सरदारला शेवटची दोन वर्षं त्यांनी कुणालाच का दिला नाही? लोक हवी ती किंमत द्यायला तयार होते. ते म्हणायचे, "म्हातारा झाला." म्हातारा नव्हता झाला, आपण दोघींनीही त्याला त्या वर्षी नदीत पोहताना पाहिलंय. त्यांनी हे कुणाला सांगितलं नाही, आपल्यालाही नाही. सांगितलं असतं तर कदाचित वाटाणा जन्मला नसता. मी त्यांच्यावर रागावले आहे की नाही ते मला अजून ठरवता आलेलं नाही. तुला सांगून ठेवते, दोघी मिळून ठरवू.

दुसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी बसून तू ढोलच्या पिल्लांच्या सगळ्या घरांना फोन लावलेस. पहिला नंबर तू दोनदा लावून कट केलास. पाचव्यापर्यंत तू शिव्या ऐकून घेत नुसती "हो, बरोबर आहे तुमचं" म्हणायला शिकलीस. एका बाईने तुला फसवी म्हटलं तेव्हा मी फोन हिसकावून घेणार होते. तू हात वर करून मला थांबवलंस. तेव्हा मी स्वयंपाकघरात जाऊन कारण नसताना भांडी घासली. हे तुला कळलं नसावं, म्हणून लिहिते.

त्या तपासण्यांपैकी दोघांचे निकाल काल माझ्याकडे आले. एक चांगला. एक नाही. पिठाच्या गिरणीवाल्यांकडची मादी, तिला सौम्य आहे, मिरचीसारखं. गिरणीवाले शांतपणे बोलले. तू स्वतः आधी सांगितलं होतंस म्हणून त्यांनी दुपारचं जेवण झाल्यावर तिला नीट पाहिलं आणि वेळेत आणलं. नर्सबाईंचा नंबर त्यांना दिलाय, औषधाच्या वेळा त्या समजावतील. तू त्यांना एक फोन कर.

म्हणजे ढोलही देत होता. आता शंका उरली नाही.

आता शेवटचं. समुद्रापलीकडे एक बाई आहेत, आपलीच जात सांभाळतात, सरदारशी काही नातं नसलेली. पिढ्यान्‌पिढ्या पिल्लांचं रक्त तपासतात, सगळे निकाल उघडे ठेवतात, वाईटही. मी त्यांना आपलं सगळं लिहिलं, एक ओळही न गाळता. वाटलं होतं दार लावून घेतील. त्यांचं उत्तर आलं की वसंतात एक मादी पिल्लू देतील. कुणाच्या नावावर करू, असं विचारलंय.

मी दोघींची नावं कळवली. तुला विचारलं नाही. तुझी हरकत असेल तर आठवड्याभरात सांग. नसेल तर गरम कपडे बाहेर काढ, तिकडे थंडी असते, आणि त्या बाई पिल्लू दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवत नाहीत. दोघींनीच आणायला जायचंय.

तुझी,
ताई